दरवाढीचा हिशेब: टाकीपासून धोरणापर्यंत

आधी एक वही काढा. मोबाईलमधलं ॲप चालेल, पण वही बरी. ती गाडीतच राहते आणि पंपावर उभं असताना चार आकडे लिहायला अर्धं मिनिट लागतं. इंधनाचा दर चढला की सगळेच वैतागतात. पण महिन्याला किती जास्त गेले असं विचारलं, तर बहुतेकांचं उत्तर अंदाजपंचे असतं. गाडी लिटरला किती देते, याचं उत्तर तर गाडी विकणाऱ्यानेच कधीतरी सांगितलेलं असतं. अंदाजावर खर्च कमी होत नाही आणि अंदाजावर कोणाला जाबही विचारता येत नाही. दर आपल्या हातात नाही. लिटर मात्र आहेत. दर ज्यांच्या हातात आहे त्यांना नेमकं काय विचारायचं, हेही आपल्याच हातात आहे. खाली दोन्ही सांगितलं आहे. पहिलं जास्त विस्ताराने, कारण त्याचा गुण पुढच्याच महिन्यात दिसतो.

टाकी ते टाकी

खरं ॲव्हरेज काढायची भरवशाची रीत एकच. टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा 'टक्' करून आपोआप बंद होईल तिथेच थांबा आणि गाडीच्या किलोमीटरच्या मीटरचं रीडिंग लिहून ठेवा. मग नेहमीसारखी गाडी चालवा. पुन्हा भराल तेव्हा परत फुल करा, तसंच पहिल्या टक्ला थांबून. किती लिटर बसलं आणि रीडिंग किती, ते लिहा. समजा आधीचं रीडिंग २४,३१० होतं, आता २४,८१८ आहे आणि टाकीत ३१.४ लिटर बसलं. अंतर ५०८ किलोमीटर. ५०८ भागिले ३१.४ म्हणजे लिटरला १६.२ किलोमीटर. मधे कधी अर्धवट भरलं असेल तर हिशेब बिघडत नाही, ते लिटर पुढच्या फुल टाकीच्या लिटरमध्ये मिळवायचे एवढंच. बिघडतो तो "इतक्या पैशांचं टाका" म्हणत भरत राहिल्याने, कारण तेव्हा टाकीत आधी किती होतं हे कोणालाच माहीत नसतं.

एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. पंप बदलला, गाडी किंचित उतारावर उभी राहिली, नोझल तिरकी बसली की लिटर-दोन लिटरचा फरक सहज पडतो. तीन-चार टाक्यांची सरासरी घेतली की हा गोंधळ निवळतो. डॅशबोर्डवर दिसणारं ॲव्हरेज बहुधा खऱ्यापेक्षा थोडं चढंच असतं. टाकी ते टाकीचा आकडा आणि तो आकडा शेजारी शेजारी लिहिलेत, की आपल्या गाडीचा पडदा किती टक्के फुगवून सांगतो ते एकदाच कळतं. टायरचा साइज बदलला असेल तर किलोमीटरचं मीटरही चुकतं. मोठ्या टायरवर ते कमी अंतर दाखवतं.

टक् झाल्यावर गळ्यापर्यंत भरून घ्यायची सवय असेल तर ती सोडा. टाकीच्या वरची मोकळी जागा वाफेसाठी असते. आजच्या गाड्यांमध्ये ती वाफ कोळशाच्या एका डब्यात शोषली जाते. त्या डब्यात पातळ इंधन शिरलं की तो निकामी होतो आणि बदलायचा खर्च बराच येतो. आणखी एक गोष्ट म्हणजे पुस्तिकेतल्या क्षमतेपेक्षा टाकीत थोडं जास्त बसतं. गळा आणि वाफेची जागा त्या आकड्यात धरलेली नसते. "४२ची टाकी आणि ४४ लिटर टाकलं, म्हणजे पंपवाल्याने फसवलं" असं लगेच ठरवू नका. फसवणूक तपासायची तर पंपाचं मीटर शून्यावर आहे का ते भरणं सुरू होण्याआधी पाहा आणि वहीतलं ॲव्हरेज एखाद्याच पंपावर सतत कमी येतंय का ते बघा. इथेही वहीच कामी येते.

आता एक बदल करा. लिटरला किती किलोमीटर, याऐवजी शंभर किलोमीटरला किती लिटर हा आकडा लिहायला लागा. वरच्या उदाहरणात तो ६.२ येतो. फरक फक्त भाषेचा नाही. लिटरला ८ देणारी गाडी १० देऊ लागली तर शंभर किलोमीटरमागे २.५ लिटर वाचतात. २० देणारी २५ देऊ लागली तर वाचतो फक्त १ लिटर. वाढ दुसरीकडे मोठी दिसते, बचत पहिलीकडे अडीच पट आहे. घरात दोन गाड्या असतील तर आधी लक्ष द्यायचं ते जास्त पिणाऱ्या गाडीकडे, आणि लांबच्या फेरीला काढायची ती कमी पिणारी. साधं वाटतं, पण मोठी गाडी लांबच्या प्रवासाला आणि छोटी घराजवळच्या फेऱ्यांना, हीच वाटणी बहुतेक घरांत असते. माणसं आणि सामान जास्त नसेल तर ती उलटी करून बघा.

जातं कुठे

पेट्रोलच्या एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट विजेइतकी ऊर्जा असते, डिझेलमध्ये १० च्या आसपास. त्यातला जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचतो. डिझेल गाडीत थोडा जास्त. बाकीचा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जातो. ते इंजिनाचं शास्त्र आहे, त्यात आपल्याला फार काही करता येत नाही. चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा मात्र तीन ठिकाणी जाते, हवा कापण्यात, टायरच्या घर्षणात आणि ब्रेकमध्ये. गावातल्या रस्त्यावर ब्रेक सर्वात जास्त खातात, हमरस्त्यावर हवा.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर तो ५६ टक्क्यांनी वाढतो. एकूण इंधनात हा फरक साधारण १५ ते २० टक्क्यांचा पडतो. वेळ किती वाचतो? ५० किलोमीटरला १०० च्या वेगाने ३० मिनिटं, ८० ने साडेसदतीस. साडेसात मिनिटांसाठी सहावा हिस्सा इंधन. घाई असेल तेव्हा द्यावं, रोज देऊ नये. छतावरचं कॅरिअर किंवा पेटी हवेचंच काम वाढवते. जलद रस्त्यावर ती १० ते २५ टक्के इंधन खाऊ शकते, रिकामी असली तरी बऱ्यापैकी. काम झालं की काढून ठेवा. चार बोल्ट सोडायचा कंटाळा वर्षभर महागात पडतो. त्यामानाने डिकीतल्या वजनाचा बाऊ जास्त होतो. ४५ किलो वजनाला साधारण एक टक्का. रिकामे कॅन, जुनी हत्यारं काढून टाका, पण त्यावर फार अवलंबून राहू नका.

ब्रेकमध्ये जाणारं इंधन वाचवायचं तर ब्रेक कमी मारायचे नाहीत, ब्रेक मारायची वेळ कमी आणायची. पुढचा सिग्नल लाल दिसला की तिथेच पाय उचला. जोरात पिकअप आणि जोरात ब्रेक अशा चालवण्याने गर्दीच्या रस्त्यावर १० ते ४० टक्के जास्त इंधन जातं. स्वतः करता येणाऱ्या उपायांत एवढा मोठा आकडा दुसरा नाही. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचं अंतर ठेवलं की तिच्या प्रत्येक ब्रेकला आपल्याला ब्रेक मारावा लागत नाही. गिअर लवकर वरचा टाका, पण इंजिन धडधडू लागेल इतका लवकर नाही. इंजिन गुदमरत ओढत असेल तर ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो आणि वाचलेलं परत जातं.

उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडणं ही जुन्या कार्बोरेटरच्या काळातली सवय. इंजेक्शनच्या, म्हणजे संगणक मोजून इंधन सोडतो अशा आजच्या गाडीत, गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर इंधन बंदच करतो, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं की इंजिनाला स्वतःच्या बळावर चालू राहावं लागतं आणि ते इंधन पितं. म्हणजे न्यूट्रलमध्ये वाचत तर नाहीच, उलट इंजिनाचा ब्रेक जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि लांब उतारावर ते तापून पकडेनासे होतात.

उभ्या गाडीचं इंधन दिसत नाही म्हणून कोणी धरत नाही. मध्यम आकाराचं पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते एक लिटर पितं, एसी लावला तर त्याहून जास्त. ०.७ लिटर धरा. दिवसाला २० मिनिटं असं उभं राहणं झालं, वर्षातले ३०० दिवस, तर ७० लिटर झाले. वर्षाला १२,००० किलोमीटर आणि शंभरला ६.२ लिटर या हिशेबाने वर्षाचं एकूण इंधन ७४४ लिटर. त्यातला जवळजवळ दहावा हिस्सा एक किलोमीटरही न जाता गेला. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणं परवडतं. अपवाद दोन. गाडी सरकत असताना कधीही बंद करू नये, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते. टर्बो इंजिन चढणीवर किंवा मोठ्या वेगाने पळवून आणलं असेल तर बंद करण्याआधी मिनिटभर शांत चालू द्यावं, नाहीतर टर्बोतलं तेल जळतं.

एसी की खिडक्या, हा वाद कायमचा. गावात हळू चालताना खिडक्या, जलद रस्त्यावर काचा बंद करून एसी. उन्हात तापलेली गाडी असेल तर पहिलं मिनिट काचा उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा.

इंजिन थंड असताना पहिले काही किलोमीटर इंधन जास्त जातं, कारण तेल जाड असतं आणि मिश्रण मुद्दाम समृद्ध, म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त असं, ठेवलेलं असतं. म्हणून दोन किलोमीटरच्या पाच फेऱ्या एका दहा किलोमीटरच्या फेरीपेक्षा बऱ्याच महाग पडतात. कामं जोडून घ्या आणि सर्वात लांबच्या ठिकाणी आधी जा, म्हणजे परतताना थांबत थांबत आलात तरी इंजिन गरम असतं. गाडी जागेवर उभी करून गरम करत बसू नका. सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा.

टायरमधली हवा

सगळे पहिला सल्ला हवेचाच देतात, म्हणून त्याचं खरं माप सांगायला हवं. चारही टायरमध्ये सरासरी एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा कमी असेल तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागतं. म्हणजे पाच पीएसआयला एक टक्का. हा आकडा फार मोठा नाही. पण कमी हवेचा टायर कडेने झिजतो, तापतो आणि वेगात फुटू शकतो, आणि हवा भरायला खर्च जवळपास शून्य. म्हणून महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, निदान तीन तास गाडी उभी राहिल्यावर तपासा. चालून आलेल्या टायरमध्ये हवा प्रसरण पावलेली असते, तिथे मोजून कमी केली तर सकाळी खरोखर कमी भरते. किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. टायरवर छापलेला आकडा त्या टायरच्या सहनशक्तीचा कमाल आकडा आहे, भरायचा नव्हे. तिथपर्यंत भरली तर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब लागतो. हवामान थंडावलं की तापमानाच्या दर १० अंशांमागे सुमारे दीड पीएसआय आपोआप उतरते, तेव्हा ऋतू बदलताना एकदा जास्तीचं तपासा.

ॲव्हरेज अचानक पडलं तर

वहीत तीन टाक्या सलग दहा टक्क्यांहून जास्त घसरलेल्या दिसल्या, रस्ता आणि चालवणारा तोच असेल, तर बिघाड शोधा. पहिला संशय चिकटलेल्या ब्रेकवर. दहा किलोमीटर कमी ब्रेक मारत चालवून थांबा आणि हात प्रत्येक चाकाच्या रिमजवळ न्या, डिस्कला मात्र लावू नका. एकच चाक इतरांपेक्षा ठळक गरम लागलं तर त्याचा ब्रेक सुटत नाही. गाडी जॅकवर घेऊन ते चाक हाताने फिरवा. डिस्क ब्रेकला किंचित घासल्याचा आवाज येणं ठीक, पण चाक अर्ध्या फेऱ्यात थांबत असेल तर कॅलिपरची (डिस्कला दाबणाऱ्या चिमट्याची) पिन किंवा पिस्टन अडकलाय. हँडब्रेकची केबल ताणलेली राहिली तरी मागच्या चाकांना हेच होतं.

दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणाऱ्या झडपेवर. तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपर्यंत चढतच नाही, किंवा उतारावर खाली येतो, असं दिसलं तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलेला असतो. इंजिन कायम थंड राहतं आणि संगणक मिश्रण समृद्ध ठेवत राहतो. स्वस्तातला भाग आहे, पण इंजिन तापत नाही म्हणून लोक उलट खूश असतात. तिसरा, धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण ठरवायला मदत करणारा ऑक्सिजन सेन्सर. तो बिघडला की इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी धरते, कच्च्या पेट्रोलचा वास येतो. टोकाच्या बिघाडात इंधनाचं नुकसान ४० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, आणि न जळलेलं इंधन पुढचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जाळतं. पिवळा दिवा "गाडी तर चालतेय" म्हणून दुर्लक्षून चालत नाही.

एअर फिल्टरबद्दल मात्र एक गैरसमज आहे. कार्बोरेटरच्या गाडीत घाण फिल्टरने ॲव्हरेज पडतं. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हवेप्रमाणे इंधन कमी करतो, त्यामुळे फिल्टर तुंबला तर पिकअप मरतो, ॲव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही. बदलायचा तर आहेच, पण ॲव्हरेजचं खापर त्याच्यावर फोडून खरा बिघाड तसाच राहतो. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा जाड ग्रेडचं घातलं तर एक-दोन टक्के जातात.

दुचाकीला यातलं बरंच लागू आहे, पण तिथे मुख्य चोर वेगळे आहेत. एक म्हणजे मागच्या ब्रेकवर ठेवलेला पाय. दुसरा, गर्दीत सतत हाफ क्लच. इंजिन ओरडतं आणि गाडी सरकत नाही, म्हणजे क्लच प्लेट आणि पेट्रोल दोन्ही घासलं जातं. तिसरी, कोरडी किंवा अति ताणलेली चेन. मध्यावर बोटाने वर-खाली केल्यावर ती पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी हलली पाहिजे, बहुतेक गाड्यांना दोन ते साडेतीन सेंटिमीटर. माप घेताना चाक फिरवून चेन सर्वात ताठ असेल तिथे मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ढिली नसते. चेन साफ करून तेल दिलं तर ते आतल्या कडीपर्यंत पोहोचतं. धुळीवरच ओतलं तर सँडपेपर तयार होतो.

पैसे कुठे घालवू नयेत

इंधनाच्या नळीवर लावायचं चुंबक, हवेच्या वाटेत बसवायचा पंखा, टाकीत टाकायची गोळी. दर वाढले की या वस्तूंच्या जाहिराती वाढतात. पेट्रोलवर चुंबकाचा असा काही परिणाम होत नाही की ते जास्त जळेल, आणि चांगल्या इंजिनात मुळातच जवळपास सगळं इंधन जळतं. जळायचं राहिलेलं इतकं थोडं असतं की त्यातून २० टक्के बचत निघायला जागाच नाही. "लावल्यापासून ॲव्हरेज वाढलं" असं सांगणारे खोटं बोलत नसतात. वस्तू विकत घेतल्यावर माणूस हळू चालवतो, ते वाचलेलं तिच्या नावावर जातं. सकाळी थंडीत भरलं की जास्त मिळतं, हेही तसंच. पेट्रोल १० अंशांना सुमारे एक टक्का फुगतं हे खरं, पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिचं तापमान सकाळ-संध्याकाळमध्ये जवळजवळ बदलत नाही.

इंजिनाला गरज नसताना जास्त ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालण्यातही काही मिळत नाही. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, अवेळी पेट न घेण्याची क्षमता. पुस्तिकेत सांगितलेलं घाला, कमी नको आणि जास्तही नको. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा हिशेब मात्र वहीत वेगळा ठेवा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश असते, त्यामुळे १० टक्के मिश्रणात ॲव्हरेज तीन-चार टक्के उतरणं अपेक्षित आहे. त्याचा दर त्याच प्रमाणात कमी नसेल तर ती एक न सांगितलेली दरवाढच आहे.

उद्या दर वाढणार म्हणून कॅनमध्ये पेट्रोल साठवू नका. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्याही खाली पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या ठिणगीपर्यंत जाते. शिवाय काही महिन्यांत पेट्रोल शिळं होतं, इथेनॉल असेल तर ओलावा ओढून घेतं आणि पाण्याचा थर खाली बसतो.

जनरेटर असेल तर

डिझेल जनरेटरचा हिशेब लिटर प्रति युनिट असा ठेवा. १२ लिटर जाळून ३० युनिट मिळाले तर ०.४. बऱ्या भारावर चालणारा संच ०.३ ते ०.४ च्या दरम्यान राहतो. ०.५ च्या वर गेलात तर बहुतेक वेळा संच गरजेपेक्षा मोठा आहे. साठ ते ऐंशी टक्के भारावर तो सर्वात काटकसरी असतो. तीस टक्क्यांखाली सतत चालवला तर न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये ओलसर थरासारखी साचते, इंजेक्टर घाण होतात आणि खप आणखी वाढतो. रात्री चार दिवे आणि दोन पंखे चालवायला मोठा संच फिरवण्यापेक्षा दिवसा पूर्ण भारावर चालवून बॅटरी भरा आणि रात्री बॅटरीवर राहा.

विजेची गाडी परवडेल का, हेही याच वहीतून निघतं. छोट्या विजेच्या गाडीला शंभर किलोमीटरला १५ ते १८ युनिट लागतात. चार्जिंगमधली दहा-पंधरा टक्के गळती वर धरा. शंभर किलोमीटरच्या इंधनाच्या खर्चातून शंभर किलोमीटरच्या विजेचा खर्च वजा करा, वर्षाच्या किलोमीटरने गुणून शंभराने भागा. ही झाली वर्षाची बचत. खरेदीतली जास्तीची किंमत भागिले ही बचत म्हणजे किती वर्षांत पैसे फिटतील. हाच हिशेब इंधनाचा दर वीस टक्के उतरला असं धरून पुन्हा एकदा करा. त्यातही परवडत असेल तरच दरवाढीच्या रागात घेतलेला निर्णय नाही म्हणता येईल.

फलकावरचा दर उलगडताना

आता ज्यावर राग आहे ते. क्रूडचा, म्हणजे कच्च्या तेलाचा भाव डॉलर प्रति बॅरल सांगतात आणि पंपावर लिटरचा दर असतो, त्यामुळे दोघांमधली तफावत कोणाला दिसत नाही. बॅरल म्हणजे १५९ लिटर. क्रूड १० डॉलरने वाढलं तर लिटरमागे ६.३ सेंट वाढतात. ते आपल्या चलनात करा आणि पंपावरची वाढ शेजारी लिहा. वाढ त्याच्या आसपास असेल तर कारण क्रूड. बरीच जास्त असेल तर उरलेलं तीन ठिकाणी शोधायचं. एक, डॉलरचा दर. दोन, रिफायनरीचा नफा. २०२२ मध्ये डिझेलच्या बाबतीत तो क्रूडपेक्षाही वेगाने फुगला होता. आणि तीन, कर.

कर दोन तऱ्हांचा असतो. लिटरमागे ठरावीक रक्कम, किंवा किमतीच्या टक्क्याने. टक्केवारीच्या कराची गंमत अशी की मूळ किंमत ५० आणि कर ६० टक्के असेल तर फलकावर ८० दिसतात. मूळ किंमत ७० झाली की फलकावर ११२. तेल २० ने महागलं, ग्राहकाचे ३२ गेले. मधले १२ कोणत्याही सभागृहात चर्चा न होता तिजोरीत पडले. ठरावीक रकमेच्या करात असं होत नाही, पण तिथे दुसरी युक्ती असते. क्रूड घसरलं की कर वाढवायचा आणि फलक जिथल्या तिथे ठेवायचा. दर चढताना रॉकेटसारखे चढतात आणि उतरताना पिसासारखे तरंगत उतरतात, हे अर्थशास्त्रात अभ्यासलं गेलेलं आहे. ग्राहकाचा तो नुसता भास नाही.

तपासायला तीन तारखा पुरतात. जुलै २००८ मध्ये क्रूड १४७ डॉलरपर्यंत गेलं होतं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी क्रूडचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. मार्च २०२२ मध्ये ब्रेंट, म्हणजे जगभर भावाचं माप धरलं जाणारं क्रूड, काही काळ १३० च्या वर गेलं होतं. या तिन्ही वेळी आपल्या पंपावर काय दर होता ते जुन्या बातम्यांतून काढा आणि आजच्याशी ताडा. क्रूड १४७ वर असतानाच्या दरापेक्षा आजचा दर जास्त आणि आजचं क्रूड कमी असेल, तर "आंतरराष्ट्रीय बाजार" हे उत्तर पुरेसं नाही, हे एका ओळीत दाखवता येतं.

लोकप्रतिनिधीला किंवा ऊर्जा खात्याला लिहिताना "दर कमी करा" लिहू नका. त्याला उत्तर म्हणून एखादी तात्पुरती कपात मिळते, बहुधा निवडणुकीच्या तोंडावर, आणि नंतर ती गुपचूप परत घेतली जाते. दर गोठवायची मागणीही नको. गोठवलेला तोटा कुठेतरी साचत राहतो आणि एके दिवशी एकदम अंगावर येतो, शिवाय सवलतीचा मोठा वाटा मिळतो तो सर्वात जास्त इंधन जाळणाऱ्यांना. त्याऐवजी ज्याचं उत्तर आकड्यात किंवा तारखेतच द्यावं लागेल असं विचारा. देशाकडे किती दिवसांच्या आयातीइतका साठा आहे? १९७४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांना निव्वळ आयातीच्या ९० दिवसांइतका साठा ठेवावा लागतो, तेव्हा तुलनेला माप तयार आहे. इंधनाच्या कराचं सूत्र लेखी कुठे आहे, आणि क्रूड उतरल्यावर कर वाढवायचा नाही असं बंधन त्यात आहे का? त्या करातला किती वाटा बस आणि रेल्वेवर खर्च झाला? नव्या गाड्यांना शंभर किलोमीटरला किती लिटरची मर्यादा आहे, आणि ती पुढे कोणत्या वर्षी किती होणार? एका पत्रात दोनच प्रश्न ठेवा. पाच विचारले तर सोप्याचंच उत्तर येतं.

धोरण म्हणजे काय, हे विचारणाऱ्याला उदाहरणं द्यावी लागतात. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत बॅरलचा भाव ३ डॉलरवरून १२ च्या घरात गेला. डेन्मार्कची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा तेव्हा आयात तेलावर होती. त्यांनी लगेच रविवारी गाड्या बंद ठेवल्या. पण ती मलमपट्टी होती. खरं काम त्यानंतर दशकानुदशकं चाललं, घरांना सामाईक उष्णतेची जाळी (एका केंद्रातून नळांनी घरोघरी ऊब) आणि पवनचक्क्या. आज त्यांची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यातून येते. फ्रान्सने १९७४ मध्ये अणुवीज उभारायचं ठरवलं आणि दीड-दोन दशकांत बहुतांश वीज तिथून आणली. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम हाती घेतला. तिघांचे मार्ग वेगळे, तिन्हींवर वाद झाले, पण प्रत्येकाकडे दर उतरल्यावरही टिकलेला कार्यक्रम होता. लगेच करता येण्यासारखंही असतं. मार्च २०२२ मध्ये याच ऊर्जा संस्थेने वेगमर्यादा ताशी १० किलोमीटरने उतरवणं, आठवड्यातले तीन दिवस घरून काम, स्वस्त सार्वजनिक वाहतूक अशा दहा उपायांची यादी दिली होती. प्रगत देशांनी ते पाळले तर चार महिन्यांत रोजची २७ लाख बॅरल मागणी घटेल असा तिचा हिशेब होता. आपल्याकडे यातलं काय केलं, हा एक चांगला प्रश्न होतो.

पत्र पाठवायची वेळही महत्त्वाची. दर भडकलेले असताना हजारो पत्रं जातात आणि सगळ्यांना एकच छापील उत्तर येतं. १९८६ मध्ये तेल कोसळलं आणि अनेक देशांतली काटकसरीची घाई तिथेच ओसरली. अमेरिकेत मोटारींची इंधनमर्यादा १९९० पासून २०१० पर्यंत गॅलनला २७.५ मैलांवर थांबून राहिली. म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर दोन प्रश्न आज लिहून ठेवा, दर महिन्याच्या एकाच तारखेला क्रूडचा भाव, डॉलरचा दर आणि पंपावरचा दर असे तीन आकडे त्याखाली मांडत जा, आणि क्रूड सलग तीन महिने उतरूनही फलक हलला नाही, की त्या आठवड्यात ते पान जोडून पत्र पाठवा.